सिमेंट नको, चुना आणा

इटलीच्या आब्रुत्सो प्रांतात साडेबाराशे मीटर उंचीवर सांतो स्तेफानो दि सेस्सानियो हे दगडी गाव आहे. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने एके काळी इथल्या काळ्या लोकरीवर पैसा केला. पुढे मेंढ्यांचा धंदा बसला, विसाव्या शतकात माणसं पोटासाठी बाहेर पडली, घरांना कुलपं लागली.

१९९९ साली मोटरसायकलवरून भटकताना दानिएले किहलग्रेन तिथे पोहोचले. पडकी घरं विकत घेऊन त्यांनी गावभर विखुरलेलं हॉटेल थाटलं. धुराने काळवंडलेल्या भिंती तशाच ठेवल्या, जुन्या फरशीखाली मात्र खोली उबदार ठेवायची सोय केली. पाहुणे येऊ लागले. तरी कायमची वस्ती जेमतेम शंभर-सव्वाशेचीच, त्यामुळे गाव पुन्हा वसलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घरं मात्र वाचली.

अशा घरांचा घात बहुधा डागडुजीतच होतो. दगडी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि दगडांमधल्या चुन्याच्या सच्छिद्र सांध्यांतून ती वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा गिलावा ही वाट बुजवतो. मग ओल दगडातूनच वाट काढते, तिच्यातले क्षार छिद्रांत स्फटिकरूप होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे म्हणतात तो हाच लोणा. चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून कळीचा चुना उरतो. तो विरवून भिंतीला लावला की हवेतून तोच वायू परत घेत पुन्हा चुनखडी बनतो. याला महिने लागतात. घाईतल्या कंत्राटदाराला ते कुठलं परवडायला!

६ एप्रिल २००९ला लाक्विलाच्या भूकंपात या गावचा मेदिची बुरूज कोसळला. आधीच्या दुरुस्तीत त्याच्या माथ्यावर काँक्रीटचं जड छत चढवलं होतं. खालची चिरेबंदी जुनी, वरचं ओझं नवं.

जाड भिंतींचं आणखी एक दुखणं किल्लारीच्या भूकंपाने १९९३मध्ये दाखवलं. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या भिंतीत खरं तर दोन पदर असतात, मध्ये दगडमातीची भर. हादऱ्याने पदर सुटतात, भिंत फुगते आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली येतं. त्यानंतर मराठवाड्यात न पडता उरलेल्या घरांसाठी सोपा उपाय सुचवला गेला: भिंतीतले मोजके दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात.