गॅसच्या टाकीला काटा का नसतो?

रिक्षाच्या सीएनजीला काटा असतो, हॉस्पिटलातल्या ऑक्सिजनला असतो, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरलाही असतो. मग अख्ख्या घराचा स्वयंपाक जिच्यावर चालतो त्या टाकीलाच का नाही? पाहुणे दारात आणि शेगडी विझलेली, हा प्रसंग कधीच न आलेलं घर सापडणं कठीण. कुणी टाकी हलवून बघतं, कुणी बोटांनी वाजवून बघतं, कुणी लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतं. (तिघांत कॅलेंडरवालीच शहाणी.) कंपन्यांनी चार पैसे वाचवायला काटा बसवला नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण दाब मोजणारा काटा बसवला, तरी तो जवळपास महिनाभर आपल्याला काहीच उपयोगाचं सांगणार नाही. आणि यात दोष काट्याचा नाही, टाकीत जे भरलंय त्याचा आहे.

आधी जिथे काटा खरं बोलतो, तो ऑक्सिजन घेऊ. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये ज्याच्यासाठी लोक वणवण फिरत होते, त्या जम्बो सिलिंडरच्या आत ४६.७ लिटर पाणी मावेल इतकी जागा असते. त्यात ऑक्सिजन भरतात तो हवेच्या साधारण १५० पट दाबाने. बाहेर सोडल्यावर तो किती लिटर भरेल? हे सांगणारा नियम रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडला. इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची काचेची नळी, तिच्या बंद आखूड टोकात कोंडलेली हवा आणि उघड्या लांब टोकातून ओतत राहिलेला पारा, एवढंच त्याचं सामान. दोन्ही बाजूंच्या पाऱ्यातला फरक सुमारे २९ इंच झाला, म्हणजे वातावरणाच्या दाबात तेवढ्याच दाबाची भर पडली, तेव्हा कोंडलेली हवा निम्म्या जागेत आली. तापमान तेच राहिलं तर वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही. ४६.७ गुणिले १५०, म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला ७०० मिनिटं, साडेअकरा तासांच्या थोडं वर. काटा निम्म्यावर आला की तास निम्मे उरले. इतक्या मोठ्या दाबाला बॉइलचा नियम थोडा चुकतो, पण वॉर्डातल्या हिशेबाला पुरतो.

हे इतकं सरळ चालतं, कारण वायूचा दाब म्हणजे भिंतींवर आदळणाऱ्या रेणूंचा एकत्रित मारा. रेणू निम्मे झाले की मारा निम्मा. रेणू कुणाचे आहेत याच्याशी दाबाला फारसं देणंघेणं नसतं. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानात रेणूंची संख्याही सारखीच, हे अ‍ॅव्होगाद्रोने १८११ साली सुचवलं आणि रसायनशास्त्रज्ञांनी ते पुढची जवळजवळ पन्नास वर्षं मनावर घेतलं नाही. त्याच्या नावाने आपण आज जो मोल (रेणूंचा एक ठरलेला मोठा गठ्ठा) मोजतो, तो एक मोल वायू नेहमीच्या हवामानात साधारण २५ लिटर जागा घेतो, मग तो ऑक्सिजन असो की प्रोपेन.

आता हाच हिशेब घरच्या टाकीला लावून बघा. आत १४.२ किलो एलपीजी, म्हणजे मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन. एका मोलचं वजन सरासरी ५२ ग्रॅम धरलं तर २७० मोल झाले. गुणिले २५, म्हणजे पावणेसात हजार लिटर. जम्बो सिलिंडरमध्ये जवळपास एवढाच वायू असतो! पण जम्बो एकट्याने उचलायची सोय नाही, तो तिरका करून तळाच्या कडेवर गरगर फिरवत न्यावा लागतो. आणि घरची टाकी डिलिव्हरीवाला खांद्यावर टाकून तीन मजले चढतो. टाकीची आतली जागा आहे ३३.३ लिटर. पावणेसात हजार लिटर वायू तेवढ्यात कोंबायचा तर हवेच्या दोनशे पट दाब लागेल, आणि त्या पातळ पत्र्याच्या चिंधड्या उडतील. प्रत्यक्षात टाकीतला दाब असतो हवेच्या पाच-सहा पट. नियमाचं उत्तर तीस-पस्तीस पटींनी चुकलं.

चुकलं, कारण टाकीत वायू जेमतेम आहे. बाकी सगळा द्रव आहे. टाकी चार पंचमांशाच्या आसपास द्रवाने भरलेली असते आणि वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ. शेगडी पेटवली की वरची वाफ जाते, दाब जरा उतरतो, आणि लगेच खालचा द्रव उकळून तेवढी नवी वाफ तयार करतो. दाब पुन्हा होता तिथे. द्रव वीस लिटर असो की वाटीभर, त्याच्यावरचा बाष्पदाब ठरतो तो तापमानावर आणि मिश्रणावर, शिल्लक किती आहे यावर नाही. म्हणून काटा उभाच्या उभा. शेवटचा थेंब उडाल्यावर कुठे टाकीत निव्वळ वायू उरतो, बॉइलचा नियम लागू होतो आणि काटा घसरू लागतो. त्या क्षणी उरलेला गॅस असतो पाव किलोच्या आसपास. म्हणजे काट्याने धोक्याची सूचना दिली तेव्हा दिवसभराचा स्वयंपाकही निघणार नाही.

दाब अगदी तंतोतंत स्थिर राहतो असंही नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं आणि ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली, त्यामुळे सुरुवातीच्या वाफेत प्रोपेनचा वाटा जास्त जातो, तळाला ब्युटेन साचत जातं आणि टाकी संपत आली की दाब थोडा पडतो. पण ऋतूमुळे होणारा फरक याहून मोठा. नुसता वायू २० अंशांवरून ४० अंशांवर नेला तर त्याचा दाब फक्त ७ टक्क्यांनी वाढतो. ब्युटेनचा बाष्पदाब तेवढ्याच फरकाने पावणेदोन पट होतो. मग महाबळेश्वरच्या जानेवारीत आणि अकोल्याच्या मेमध्ये तोच काटा वेगवेगळं दाखवणार, टाकी तितकीच भरलेली असली तरी. आपल्याला हे जाणवत नाही याचं श्रेय रेग्युलेटरला. आत काहीही चालो, तो शेगडीला हवेपेक्षा अवघा ३ टक्के जास्त दाब देतो.

द्रव उकळायला उष्णता लागते, ती तो टाकीच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून ओढतो. लग्नकार्यात मोठ्या भट्टीला लावलेली टाकी पाहिली असेल तर खालच्या भागावर दव धरलेलं दिसतं, कधी पांढरा बर्फाचा थरसुद्धा. ते एका आडव्या रेषेपाशी थांबतं. आतल्या द्रवाची पातळी तीच. हीच युक्ती घरीही करता येते: टाकीच्या एका बाजूवरून कोमट पाणी ओतायचं आणि वरून खाली हात फिरवायचा. जिथे हाताला एकदम गार लागतं तिथून खाली द्रव आहे, कारण पत्र्याची ऊब द्रव झटकन शोषून घेतो, वाफेला ते जमत नाही. गॅस संपत आला की टाकी आडवी करायची जी खोड आहे, ती मात्र सोडा. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो, आणि एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने उडून जात नाही, जमिनीलगत पसरत राहतो.

मग ऑक्सिजन आणि सीएनजीसुद्धा असेच द्रव करून हलक्या टाकीत का भरत नाहीत? एकोणिसाव्या शतकात नेमका हाच प्रश्न अडून बसला होता. मायकेल फॅरडेने १८२३ साली क्लोरीन द्रव केला, पाठोपाठ बरेच वायू नमले. पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन वगैरे काही केल्या बधेनात. कितीही दाबा, वायूच. त्यांना ‘कायम वायू’ म्हणून सोडून देण्यात आलं. कोडं सुटलं ते बेलफास्टमध्ये. थॉमस अँड्र्यूज कार्बन डायऑक्साइडवर काम करत होता. त्याच्या लक्षात आलं की ३१ अंशांच्या खाली हा वायू दाबला की द्रव होतो, त्याच्या वर मात्र कितीही दाबला तरी होत नाही. द्रव आणि वाफ यांच्यातली सीमारेषाच पुसली जाते. १८६९ साली त्याने हे मांडलं. प्रत्येक वायूला असं एक क्रांतिक तापमान असतं. प्रोपेनचं ९७ अंश, ब्युटेनचं १५२, म्हणून आपल्या स्वयंपाकघरात दोघं निमूट द्रव होऊन बसतात. मिथेनचं, म्हणजे सीएनजीत मुख्यतः जो असतो त्याचं, उणे ८३, ऑक्सिजनचं उणे ११९. त्यांना दाबून उपयोग नाही, आधी गार करावं लागतं. चार वर्षांनी नेदरलँड्समध्ये व्हॅन डर वाल्सने रेणूंचं स्वतःचं आकारमान आणि त्यांच्यातलं आकर्षण धरून नवं समीकरण दिलं, त्यातून हे का घडतं तेही उलगडलं. १८७७च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समध्ये कायेते आणि स्वित्झर्लंडमध्ये पिक्ते यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ऑक्सिजनला द्रवरूपाकडे नेलं, आणि ‘कायम’ हे बिरुद गळून पडलं.

म्हणून रिक्षातला सीएनजी दोनशे पट दाबाचा निव्वळ वायू आहे. त्याची टाकी जाडजूड, आणि काटा भरवशाचा. ऑक्सिजनही गावोगाव न्यायचा तर जड जम्बो तरी, नाहीतर उणे १८३ अंशांच्या आसपास ठेवलेल्या द्रवाचे टँकर तरी. १९ एप्रिल २०२१ला कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसवर रिकामे टँकर चढवले होते ते यासाठीच. त्यातल्या एका लिटर द्रवाचा साडेआठशे लिटरच्या वर वायू होतो.

या दोन्ही जातींच्या सीमेवर बसलेली वस्तू हवी असेल तर ऑफिसच्या जिन्यातल्या आगीच्या नळकांड्यांकडे बघा. पावडरच्या नळकांड्याला हिरव्या पट्ट्याचा छोटा काटा असतो, कारण पावडर ढकलायला आत कोंडलेला वायू असतो, आणि तो कमी झाला की दाब उतरतो. शेजारचं काळ्या कर्ण्याचं कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं बिनकाट्याचं. पुण्यात डिसेंबरमध्ये त्याच्या आत द्रव असतो. चंद्रपूरच्या मेमध्ये पारा ४५ला टेकला की तो ना धड द्रव, ना धड वायू. दोन्ही वेळचा दाब इतका वेगळा, की त्यावरून कुणी अंदाज बांधू नये. त्यामुळे तपासणीला आलेला माणूस ते सरळ काट्यावर, म्हणजे वजनकाट्यावर ठेवतो, आणि भरलेल्या गॅसचं वजन १० टक्क्यांहून जास्त घटलेलं निघालं की पुन्हा भरायला पाठवतो. घरच्या टाकीवरही रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. त्यात १४.२ मिळवून येणारा आकडा टाकी घेताना ताडून बघायचा.