‘जातो’ म्हणायचं नाही

ठाण्यात जांभळी नाक्यावर रात्री उशिरा पोचलं की फुलवाला सांगतो, “ताई, दुकान वाढवतोय, उद्या या.” ‘बंद करतोय’ म्हणत नाही. आपणही निघताना ‘येते’ म्हणतो. लहानपणी माझ्या तोंडून ‘जाते’ निघालं, की आजी उंबऱ्यातूनच परत बोलवायची. ‘जाते’मध्ये व्याकरणाची काहीच चूक नाही. तरी ते बोलायचं नसतं.

नेमकी हीच गोष्ट क्लिंगॉनमध्ये दिसली आणि मला ती भाषा आवडून गेली. ‘स्टार ट्रेक’मधल्या लढवय्या परग्रहवासीयांची ही भाषा. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने १९८४च्या चित्रपटासाठी ती घडवली, आणि १९८५मध्ये तिचा शब्दकोश व्याकरणासकट छापून आला.

तिच्यात आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता. असा क्रम माणसांच्या फार थोड्या भाषांत आहे, म्हणूनच ओक्रँडने तो मुद्दाम निवडला. ‘पुक लेघ याष’ म्हणजे ‘अधिकारी मुलाला पाहतो’. पुक म्हणजे मूल, याष म्हणजे अधिकारी. (उच्चार देवनागरीत जवळपासचेच उतरतात.) आपण ‘मुलाला’मधल्या ‘ला’च्या जोरावर शब्द हवे तसे फिरवतो. क्लिंगॉनमध्ये कर्माला असा प्रत्यय नाही, त्यामुळे दोन नामांची अदलाबदल केली की मूलच अधिकाऱ्याला पाहू लागतं.

क्रियापद मात्र भरगच्च. ‘कालेघ’ म्हणजे ‘मी तुला पाहतो’, ‘चोलेघ’ म्हणजे ‘तू मला पाहतोस’. कर्ता आणि कर्म दोन्ही एकाच उपसर्गात. परकं वाटतं ना? मग आपलं ‘केलीस’ घ्या. “भाजी केलीस?” यातल्या ‘ली’मध्ये भाजीचं स्त्रीलिंग आहे आणि ‘स’मध्ये ‘तू’. भाजीऐवजी ‘काम’ हा शब्द असता, तर ‘केलंस’. आपण रोज हे करतो, फक्त मोजत नाही.

आता तो मुद्दा. क्रियापदाला ‘विप’ जोडलं की ‘करायला घाबरणे’ असा अर्थ होतो. ‘चोलेघविप’, तू मला पाहायला घाबरतोस. हे खुशाल म्हणावं. पण ‘मी घाबरतो’, ‘आम्ही घाबरतो’ अशा अर्थाने ‘विप’ लावणं क्लिंगॉन समाजात निषिद्ध. ओक्रँडने स्पष्ट लिहिलंय की असं रूप व्याकरणाने बरोबर आहे, अडचण रिवाजाची आहे. कागदावर रचलेल्या भाषेलाही त्याने ‘बरोबर, पण बोलायचं नाही’ असा एक कोपरा दिला. मला त्याची ही सगळ्यात मोठी करामत वाटते, कारण नियम पाठ करून भाषा येते, पण हा कोपरा कळल्याशिवाय ती तोंडात बसत नाही.

‘नुकनेख’चंही तसंच. नवशिके तो ‘नमस्कार’ समजून भेटेल त्याला म्हणतात. शब्दशः अर्थ मात्र ‘काय हवंय?’ एखाद्या क्लिंगॉनकडे कुणी काही काम घेऊन आलं, तर त्याने विचारायचा हा प्रश्न. क्लिंगॉनमध्ये उगाच ख्यालीखुशाली विचारायची पद्धत नाही. जांभळी नाक्यावरचा फुलवालाही नमस्कार घालत बसत नाही. पाटीतली शेवंती सारखी करत, मान वर न करता तो विचारतो, “बोला ताई, काय देऊ?”