कर्नल शिकायचा तर आधी तो पाडून बघा

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यात, आज कोडच्या ३ कोटींहून जास्त ओळी आहेत. आकड्याला घाबरू नका; निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हर्सचा, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या कोडचाच आहे. सी भाषेतले पॉइंटर आणि स्ट्रक्चर पक्के असले, की हात घालता येतो.

सराव मात्र व्हर्च्युअल मशीनवरच (सॉफ्टवेअरने उभारलेल्या वेगळ्या संगणकावर) करा. साध्या प्रोग्रॅममध्ये पॉइंटर चुकला तर तेवढा प्रोग्रॅम बंद पडतो. कर्नलमधला चुकीचा पॉइंटर डिस्कवरचा डेटाही बिघडवू शकतो. कर्नल कंपाइल करताना 'लोकलमॉडकॉन्फिग' हा सेटिंग ठरवणारा पर्याय वापरा. त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स (कर्नलला गरजेनुसार जोडता येणारे कोडचे तुकडे) तो निवडतो, त्यामुळे वेळ खूप वाचतो. पण एखादं यूएसबी उपकरण तेव्हा जोडलेलं नसेल, तर त्याचा ड्रायव्हर गळतो आणि नव्या कर्नलला ते उपकरण चालवता येत नाही.

नवा कर्नल सुरू झाला, की एक छोटं मॉड्यूल लिहा आणि त्यात मुद्दाम चूक करा. स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत कोअरला जागीच फिरत ठेवणारा लॉक) घ्या आणि तो सोडण्याआधीच 'केमॅलॉक' या कर्नलमधल्या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे 'जीएफपी कर्नल' फ्लॅगने मेमरी मागा. बहुतेक वेळा काहीच होणार नाही, आणि खरा धोका तोच आहे. मेमरी मोकळी होईपर्यंत झोपून राहायची, म्हणजे काम थांबवून वाट पाहायची मुभा हा फ्लॅग देतो. मेमरी भरपूर आहे तोवर झोपायची वेळच येत नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी तुमचा कोड लॉक घेऊन झोपेल आणि त्याच लॉकची वाट पाहणारे बाकीचे कोअर जागच्या जागी फिरत बसतील.

म्हणून सरावाच्या कर्नलमध्ये 'डीबग अटॉमिक स्लीप' हा पर्याय चालू ठेवा. मेमरी कितीही असो, ही चूक तिथल्या तिथे पकडली जाते आणि कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये कॉल ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) उमटतो. त्यात ज्या फंक्शनपुढे चौकटी कंसात तुमच्या मॉड्यूलचं नाव असेल, तिथून शोध सुरू करा. 'जीएफपी अटॉमिक' वापरून चूक दुरुस्त होते, पण अडचणीच्या वेळी ती मागणी लवकर नाकारली जाते. लॉक घेण्याआधीच मेमरी मागून ठेवणं केव्हाही चांगलं.

सराव झाला, की पॅच, म्हणजे कोडमधला बदल, कर्नलच्या विकसकांना पाठवा. पहिला पॅच स्पेलिंग सुधारण्याचा असला तरी चालतो. पण एरर आल्यावर मेमरी सोडायची राहून गेली आहे, अशी एक जागा शोधलीत तर त्यातून कितीतरी जास्त शिकाल. लिहिण्याची शैली तपासणारी 'चेकपॅच' स्क्रिप्ट चालवा, पॅच कोणाला पाठवायचा ते 'गेट मेंटेनर' स्क्रिप्टला विचारा आणि हा बदल पाठवायचा हक्क तुम्हाला आहे असं सांगणारी 'साइन्ड-ऑफ-बाय'ची ओळ विसरू नका. पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने जातो. वेबमेलमधून पेस्ट केला तर टॅबच्या जागी स्पेस येतात आणि तो लागतच नाही. कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या 'गिट सेंड-ईमेल'ने आधी स्वतःलाच पाठवा आणि 'गिट एएम'ने लावून बघा.

उत्तर आलं नाही तर एक-दोन आठवडे थांबा. मर्ज विंडो, म्हणजे पुढच्या आवृत्तीत नवे बदल घेण्याचा काळ, दोन आठवड्यांची असते. त्या काळात बरेच मेंटेनर (कर्नलचा एकेक भाग सांभाळणारे विकसक) नवे पॅच हाताळत नाहीत. बदल सुचवले गेले तर दुसरी आवृत्ती 'व्ही२' म्हणून पाठवा आणि काय बदललं ते पॅचमधल्या तीन आडव्या रेघांच्या (---) खाली लिहा. तिथला मजकूर परीक्षकाला दिसतो, पण गिटच्या इतिहासात जात नाही.