ढगात कानावर विसंबू नये

फेब्रुवारी २०२५मध्ये ग्वाल्हेरहून सरावासाठी उडालेलं मिराज २००० हे लढाऊ विमान शिवपुरीजवळ पडलं. दोन्ही वैमानिक वाचले. त्याआधी जानेवारी २०२३मध्ये इथूनच उडालेली सुखोई आणि मिराज कोसळली होती. झालं, ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात कुजबुज सुरू: 'त्या पट्ट्यातच काहीतरी आहे.'

पट्ट्यात काहीही नाही. सरावात विमानं जगभर पडतात, आणि युद्धकाळात तर फारच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे १५,००० हवाई सैनिक मायदेशातच, मुख्यतः सरावातल्या अपघातांत गेले. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५,०००हून अधिक. दमलेली विमानं, घाईचं शिक्षण, कारणं बरीच. त्यातलं एक मात्र आपल्या सगळ्यांच्या कानात आहे.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव आणि एक लवचीक पडदा. डोकं वळलं की द्रव जडत्वामुळे मागे राहतो, पडदा वाकतो, मेंदूला वळण कळतं. पण वळण एकाच वेगाने चालू राहिलं, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि पडदा सरळ होतो. कानाच्या लेखी वळण संपलं! फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी एकसारखं फिरवायला सांगा. थोड्या वेळाने खुर्ची थांबलीय असं वाटेल. खरोखर थांबवली की आपण उलटे फिरतोय असं वाटेल.

ढगात क्षितिज दिसत नाही. डावा पंख अगदी हळू झुकला तर कानाला पत्ताच लागत नाही. नीट वळणाऱ्या विमानात वजन सरळ सीटवरच दाबलं जातं, त्यामुळे शरीरालाही काही खटकत नाही. पंखांची उचल तिरकी झाल्याने उंची घटू लागते. शिकाऊ वैमानिक नाक वर करायला स्टिक ओढतो. पंख कललेले असल्याने वळणच आवळतं, वेग वाढतो, विमान गिरक्या घेत खाली जातं. पंख सरळ केलेच, तर कान सांगतो की आपण उजवीकडे वळतोय, आणि वैमानिक विमान पुन्हा डावीकडे झुकवतो.

जायरोवर, म्हणजे वेगाने फिरत आपली दिशा न सोडणाऱ्या चाकावर, चालणारं कृत्रिम क्षितिज महायुद्धाआधीच आलेलं होतं; विमान किती कललंय ते हे उपकरण दाखवतं. १९२९मध्ये अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, केवळ उपकरणं पाहून विमान उडवलं आणि उतरवलं. अवघड होतं ते कानाला न जुमानण्याचं शिक्षण. त्यासाठी अमेरिकेतल्या एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन वाद्यांच्या कारखान्यातले हवेचे भाते वापरून जमिनीवरच डुलणारं खोटं विमान बनवलं. १९३४मध्ये खराब हवेत टपाल नेताना अमेरिकी लष्कराचे वैमानिक मेले, तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रं घेतली. महायुद्धात त्यांवर लाखो जण शिकले. वरून झाकण बंद, समोर फक्त तबकड्या. बाहेर शिक्षकाच्या टेबलावरच्या नकाशावर आत शिकणाऱ्या मुलाचा मार्ग शाईने उमटत असे, आणि तो कुठे भरकटला हे त्याला तिथे दाखवता येई.