फुफ्फुस काढलं की बरगड्या?

‘आजोबांचं एक फुफ्फुस काढलंय’ असं घरात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पाठीवर फऱ्याखालून काखेकडे वळलेला लांबलचक व्रण असतो, त्यामुळे कुणी शंकाही घेत नाही. पण एक्स-रे काढला की कधी कधी फुफ्फुस जागेवरच सापडतं. नसतात त्या वरच्या बरगड्या.

ही थोरॅकोप्लास्टी. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागेपर्यंत क्षयाचे जंतू मारणारं औषधच नव्हतं. मग फुफ्फुसात पडलेली पोकळी बाहेरून दाबून मिटवायची, एवढाच मार्ग. त्यासाठी सहा-आठ बरगड्या दोन-तीन टप्प्यांत काढत आणि छातीची ती बाजू आत बसे. रोगी वाचत, संसार करत. त्रास सुरू होई तो वीस-तीस वर्षांनी. पाठीचा कणा वाकतो, छाती फुलत नाही, झोपेत श्वास उथळ होतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं जड, दुपारी जेवताना पेंग, घोट्यांना सूज. घरचे म्हणतात, वय झालं. कुणी ‘टीबी उलटला’ म्हणून मोकळं होतं. अशा माणसाला नुसता ऑक्सिजन लावून ठेवला तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. रात्री मास्क लावून बायपॅपवर (दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) झोपवलं की बरेचदा चांगला फरक पडतो.

फुफ्फुस खरोखर काढतात ते ऑपरेशन वेगळं. उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. एक खंड काढला तर लोबेक्टॉमी, अख्खं फुफ्फुस काढलं तर न्यूमोनेक्टॉमी. क्षयाच्या रोग्यांत आज हे मुख्यतः औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत, किंवा जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा होऊन खोकल्यातून वारंवार रक्त पडतं तेव्हा करतात. टीबी चालू असेल तर गोळ्यांचा कोर्स सुटत नाही, तो सोबत चालूच राहतो. लोबेक्टॉमीनंतर उरलेले खंड पसरून जागा भरतात आणि काही महिन्यांत दम बराचसा परत येतो. अख्खं फुफ्फुस काढायचं म्हटलं की घर हादरतं. पण ते आधीच निकामी झालेलं असेल, तर श्वास वाटतो तितका कमी होत नाही. धोका असतो श्वासनळीच्या शिवलेल्या टोकाचा. ते उसवलं तर छातीत पू होतो, आणि ऑपरेशनच्या वेळी थुंकीत जंतू असले तर ही भीती जास्त. गंमत अशी की ती पुवाची पोकळी मिटवायला कधी कधी बरगड्याच काढाव्या लागतात. मग एकाच पाठीवर दोन्ही ऑपरेशनं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शनात औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी औषधांच्या जोडीला फुफ्फुसाचा काही भाग काढण्याचा पर्याय आहे. अख्ख्या फुफ्फुसाबाबत तसा फायदा दिसलेला नाही.

न्यूमोनेक्टॉमीनंतर रिकामी जागा पाण्यानं भरते, हृदय तिकडे सरकतं आणि फिल्मवर ती बाजू पांढरीफटक दिसते. दहा वर्षांनी ती पाहून नवा डॉक्टर ‘पाणी झालंय’ म्हणत ते काढायला सुई मागवू शकतो. डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून ठेवा. हरवलं असेल, तर एक्स-रेवरच्या बरगड्या मोजून घ्या.