नाव तेच, मतदारसंघ तोच?

‘आपला मतदारसंघ १९५२ पासून एकाच पक्षाचा बालेकिल्ला’ असा तक्ता निवडणूक आली की फिरू लागतो. आकडे बहुधा खरे असतात, म्हणूनच तो पटतो. चूक असते ती सगळे निकाल एकाच ओळीत मांडण्यात.

१९५२ मध्ये महाराष्ट्र राज्यच नव्हते. विदर्भाचे आमदार तेव्हा मध्य प्रदेशच्या विधानसभेत बसत, मराठवाड्याचे हैदराबादच्या. काही मतदारसंघ तर दोन-दोन आमदार निवडून देत. ती पद्धत १९६२ पूर्वी संपली. त्या वर्षी राज्यात २६४ जागा होत्या, १९७८ पासून २८८ आहेत. जागा वाढल्या म्हणजे हद्दी सरकल्याच. २००८ च्या पुनर्रचनेने, म्हणजे मतदारसंघांच्या नव्या आखणीने, त्या पुन्हा हलल्या, आरक्षणही बदलले. पुण्यातला कोथरूड मतदारसंघ २००९ पासूनचा; भवानी पेठ तेव्हाच यादीतून गेला.

पडताळायचे असेल तर १९७६ आणि २००८ चे पुनर्रचना आदेश शेजारी ठेवा. त्यांत तालुका, महसूल मंडळ, शहरी प्रभाग असा तपशील असतो. आपले गाव दोन्हींत कुठे आहे ते शोधा. जुन्या निकालांत मतदारसंघाचा क्रमांकही पाहा. नाव तेच राहून तो बदलला असेल, तर मधे पुनर्रचना झाल्याचे नावापेक्षा तोच लवकर सांगतो.