बालक व किशोरवयीनांमधील मद्यसेवन विकार
मद्यपानाचे दुष्परिणाम भोगावे लागत असतानाही ते आवरता न येणे, या अवस्थेला मद्यसेवन विकार म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत त्याचे ११ निकष असून, १२ महिन्यांत त्यांपैकी किमान २ आढळल्यास निदान केले जाते. ६ किंवा अधिक आढळल्यास विकार तीव्र समजतात. मुलांसाठी निराळे निकष नाहीत, ही यातील मोठी अडचण आहे. प्रौढांमध्ये ठळक दिसणारी हातांची थरथर किंवा घाम येणे ही दारू थांबवल्यावरची लक्षणे किशोरवयात क्वचित आढळतात. मुले रोज पीत नाहीत, पण पितात तेव्हा एकाच बैठकीत बरेच पितात. त्यामुळे घसरलेले गुण, शाळेतील गैरहजेरी, चिडचिड किंवा अचानक बदललेला मित्रपरिवार याच खुणा आधी दिसतात, आणि त्या वयाचा परिणाम समजून सोडून दिल्या जातात.

निर्णय आणि संयम सांभाळणारा, कपाळामागील मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत विकसित होत राहतो. शिवाय किशोरवयीनांना दारूने येणारी गुंगी प्रौढांच्या मानाने कमी जाणवत असल्याने ‘आता पुरे’ हा शरीराचा इशारा उशिरा मिळतो, मात्र स्मरणशक्तीला पोहोचणारी इजा कमी होत नाही. वयाच्या १५ वर्षांपूर्वी पिऊ लागलेल्यांमध्ये पुढे व्यसनाधीनतेचे प्रमाण, विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट असल्याचे अमेरिकेतील १९९७ सालच्या विश्लेषणात आढळले. लवकर सुरुवात हे याचे एकमेव कारण मानणे घाईचे ठरेल, कारण उतावळा स्वभाव, अतिचंचलता, नैराश्य, घरातील हिंसा किंवा लैंगिक अत्याचार यांतून दोन्ही गोष्टी उद्भवू शकतात. म्हणूनच दारूबरोबर या दुखण्यांचाही शोध घ्यावा लागतो.

तपासणी एकांतात, गोपनीयतेची मर्यादा आधी स्पष्ट करून व्हावी. जिवाला धोका असल्यास पालकांना सांगावे लागेल, हे मुलाला ठाऊक असावे. लहान मुलांना प्रथम मित्रांच्या पिण्याविषयी विचारल्यास उत्तर मोकळेपणाने मिळते. १२ ते २१ वयोगटासाठीच्या ‘क्राफ्ट’ या प्रश्नावलीत नशेतील चालकाच्या गाडीतून केलेल्या प्रवासाचाही प्रश्न असतो.

उपचारांत कुटुंबाधारित समुपदेशन, विचार-वर्तन उपचारपद्धती आणि मुलाची स्वतःची बदलाची इच्छा जागवणारा संवाद यांना अग्रक्रम मिळतो. दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्झोनसारख्या औषधांचा अभ्यास मुख्यतः प्रौढांवर झालेला असल्याने ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावीत. मारहाण, जाहीर अपमान किंवा शाळेतून काढून टाकणे याने मूल लपवायला शिकते आणि मदतीपासून आणखी दुरावते. दारूच्या विषबाधेत मुलांची रक्तशर्करा झपाट्याने घसरून झटके येऊ शकतात. मूल उठत नसेल, तर त्याला झोपू देण्याऐवजी कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. उपचारानंतर पुन्हा पिणे घडते, त्यामुळे पुढील अनेक महिने पाठपुरावा चालू ठेवणे आणि त्या काळात शाळा सुटू न देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.